उभं राहिलेलं गाढव शांत असतंच असं नाही

(दृश्य: अ‍ॅरिझोनाचं वाळवंट, मग लोखंडी कठड्यांचं आवार)

ही रानगाढवं खाणकामगारांनी ओझी वाहायला आणलेल्या गाढवांच्या वंशातली. अमेरिकेच्या १९७१च्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. कळप वाढले की ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे तिथलं सरकारी जमिनी सांभाळणारं खातं काही जनावरं पकडतं, मानेच्या डाव्या बाजूला अतिथंड केलेल्या धातूच्या शिक्क्यानं खूण उमटवतं आणि दत्तक देतं. घेणाऱ्याकडे प्रत्येक गाढवामागे ४०० चौरस फूट जागा आणि साडेचार फुटी कुंपण लागतं. काटेरी तार चालत नाही.

(दृश्य: आवारात दोन गाढवी)

शक्यतो दोन आणा. गाढवाची जोडीदाराशी घट्ट गट्टी असते आणि एकट्या पडलेल्या गाढवाचं खाणं सुटू शकतं. ते सगळ्यात धोक्याचं. उपाशी गाढवाच्या अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होतात. लठ्ठ आणि गाभण गाढवींना हा धोका जास्त. म्हणून पहिले दिवस शिकवणं राहू द्या, किती खाल्लं आणि लीद कशी पडली ते बघा. आधी जे गवत मिळत होतं तेच सुरू ठेवा, पाणी उघड्या टबात द्या. दिवसभर चाऱ्याला तोंड लावलं नाही तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. रुळल्यावर हळूहळू सातूचं काड वाढवा. लसूणघास आणि धान्य दिलं तर गाढव लठ्ठ होतं, खुरं सुजून लंगडतं.

(दृश्य: माणूस तिरका उभा, हात खाली)

आता हे नीट बघा. घोडा घाबरला की उधळतो. गाढव बऱ्याचदा जागीच थिजतं. मान ताठ, कान एकाच दिशेला रोखलेले, श्वास अडकलेला. नवख्याला वाटतं, ऐकायला लागलं. तो हात लावतो, आणि लाथ बसते. गाढव बाजूलाही लाथ मारतं, त्यामुळे कुशीजवळ उभं राहूनही माणूस सुरक्षित नसतो.

तेव्हा अंग ताठताच थांबा, एक पाऊल मागे घ्या. मान सैल पडली, कान हलू लागले की पुन्हा पुढे. पहिला स्पर्श खांद्यावर, चेहऱ्यावर नको. खांद्यावर खाजवलेलं आवडलं की ते स्वतःहून अंग रेटतं. खाऊचे तुकडे हातानं भरवू नका, चावायची सवय लागते. पसरट घमेल्यात टाका.

(दृश्य: म्होरकी, मग पाय)

म्होरकी बांधून सोडून देऊ नका, कठड्यात अडकून मान मोडते. दोर ओढलात तर गाढव पाय रोवतं. हलका ताण धरा आणि अर्धं पाऊल टाकलं की लगेच सैल सोडा.

पायांना घाई नको. आधी लांब काठीच्या टोकाला हातमोजा बांधून खांद्यापासून खाली चोळा. मग हातानं. खूर जमिनीपासून थोडाच, पोटाखालीच उचला. बाहेर ओढला की सांधा दुखतो आणि पाय हिसकला जातो. त्यानं हिसकायच्या आधी तुम्हीच खाली ठेवा. चारही पाय असे देऊ लागलं, की नालबंदाला बोलवा. जोडीदाराला तेव्हाही समोरच उभं ठेवा.