वरचा वर्ग, खालचा वर्ग आणि न दिसणारी चूक

अमेरिकेतील महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी पुढे परिचारिका होणार असो, हिशेबनीस होणार असो किंवा अभियंता, पहिल्या वर्षी इंग्रजी लेखनाचा एक अभ्यासक्रम त्याला बहुतेक ठिकाणी चुकत नाही. आपल्याकडच्या सक्तीच्या इंग्रजीत धडे, कविता आणि त्यांवरचे प्रश्न असतात. तिथे वीस-बावीस जणांच्या वर्गात सुमारे पंधरा आठवडे चार-पाच निबंध लिहायचे, शिक्षकाला आणि वर्गमित्रांना दाखवायचे, खोडायचे आणि पुन्हा लिहायचे असे चालते. या वर्गाच्या दारात काय घडते, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे. नव्या विद्यार्थ्याला थेट या वर्गात बसवायचे, की आधी एक-दोन सत्रे खालच्या, पायाभूत म्हणवल्या जाणाऱ्या वर्गात काढायला लावायची, हा निर्णय सत्र सुरू होण्यापूर्वी, म्हणजे त्या विद्यार्थ्याला विभागातले कोणीही ओळखत नसताना घ्यावा लागतो. तिथे याला प्लेसमेंट म्हणतात. आपल्या महाविद्यालयांत त्या शब्दाला नोकरीचा वास येतो, म्हणून मी वर्गनिश्चिती म्हणेन.

‘मुलांना लिहिता येत नाही’ ही तक्रार मोबाइलच्या काळातली आहे, असे कोणाला वाटत असेल तर हार्वर्डचा इतिहास पाहावा. तिथे १८७४ साली प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आला. नामवंत इंग्रजी लेखकांच्या कृतींवर छोटा निबंध लिहायचा आणि शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण सांभाळायचे, एवढीच अपेक्षा होती. १८७९ साली परीक्षेला बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे त्यात नापास झाले. उत्तम शाळांत शिकलेली, सधन घरांतली ही मुले होती. शाळांना दोष देऊन झाल्यावर विद्यापीठाने स्वतःच शिकवायचे ठरवले आणि १८८५ पर्यंत ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षात आला. पुढे देशभर त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

दारातली गर्दी खऱ्या अर्थाने वाढली ती १९७० साली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातील शाळा पूर्ण केलेल्या प्रत्येकाला प्रवेश खुला केला आणि घरात कोणीही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही अशी हजारो मुले आत आली. तिच्याच सिटी कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी अशा मुलांनी वर्गनिश्चितीसाठी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध वाचले. चुकांनी भरलेल्या त्या कागदांत त्यांना निष्काळजीपणा दिसला नाही. चुकांना स्वतःचे नियम असतात, विद्यार्थी कुठल्या तरी तर्काने चुकत असतो, आणि तो तर्क शिक्षकाने आधी शिकून घ्यायचा असतो, असे त्यांनी १९७७ साली दाखवून दिले. गंमत अशी की, ज्या कागदांवरून विद्यार्थ्यांना खालच्या वर्गात पाठवले गेले होते, त्याच कागदांमधून हा निष्कर्ष निघाला.

आता एक प्रसंग सांगतो. एका अमेरिकन विद्यापीठात मी काही वर्षे हा विषय शिकवला आणि उन्हाळ्यात वर्गनिश्चितीचे निबंध तपासण्याच्या टेबलावर बसलो. पद्धत नीटस होती. सकाळी सगळ्यांनी मिळून नमुन्याचे निबंध वाचायचे, एक ते सहा या श्रेणीत चार म्हणजे काय आणि तीन म्हणजे काय हे घोटून घ्यायचे, मग प्रत्येक निबंध दोघांनी वेगवेगळा वाचायचा. दोघांत एकापेक्षा अधिक गुणांचा फरक पडला तर तिसऱ्याकडे. एका निबंधाला तीन-चार मिनिटे मिळत. दुपारी एका मुलीचा कागद आला. घरी व्हिएतनामी बोलणारी. मावशीच्या लाँड्रीत रात्री काम करताना, गिऱ्हाइकांच्या खिशात राहिलेली नाणी कोणाची मानायची यावर मावशीशी झालेला वाद तिने लिहिला होता. आधी स्वतःची बाजू, मग मावशीची, मग आपली बाजू कुठे लंगडी पडते तेही. पण इंग्रजीतली ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे जागच्या जागी नव्हती, वाक्ये स्वल्पविरामांवर लोंबकळत होती. मराठीतही उपपदे नाहीत. स्वतः त्या खड्ड्यात अनेकदा पडलेलो असल्यामुळे मला तो दोष मोठा वाटला नाही. मी चार दिले. शेजारच्या वाचकाने दोन दिले. तिसऱ्यानेही दोन दिले. त्याआधीच्याच एका कागदाला, ज्यात पाच परिच्छेद होते, एकही चूक नव्हती आणि एकही विचार नव्हता, आम्ही दोघांनी बिनबोभाट चार दिले होते.

ती मुलगी खालच्या वर्गात गेली आणि सत्राच्या शेवटी तिला ‘ए’ श्रेणी मिळाली. विभागाच्या बैठकीत तिच्यासारख्यांच्या श्रेणी दाखवून सांगण्यात आले की, पहा, मुले योग्य जागी बसली आणि यशस्वी झाली. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. वर्गनिश्चितीत चूक दोन बाजूंनी होते, पण नोंदवहीत एकाच बाजूची चूक उमटते. न झेपणारा विद्यार्थी वर बसवला तर तो नापास होतो, शिक्षक कुरकुरतात, नापासांचा आकडा वाढतो. झेपणारा विद्यार्थी खाली बसवला तर तो पास होतो, आणि त्याचे पास होणे हाच निर्णय बरोबर असल्याचा पुरावा ठरतो. साहजिकच प्रत्येक विभाग दिसणारी चूक टाळतो, म्हणजे शंका आली की खाली ढकलतो. त्याची किंमत विद्यार्थी भरतो: खालच्या वर्गाची फी पूर्ण, पण त्याचे क्रेडिट बहुधा पदवीत धरले जात नाही.

शिवाय प्रत्येक जादा पायरीवर गळती होते. समजा, मुख्य वर्गाआधी दोन पायऱ्या आहेत, प्रत्येक वर्गात शंभरातले ऐंशी पास होतात आणि पास झालेल्यांपैकी ऐंशी टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. हे आकडे कोणत्याही प्राचार्याला समाधानकारक वाटतील. पण गुणाकार करत गेले की पहिल्या शंभरांपैकी तेहतीसच मुख्य वर्ग पार करतात. बाकीचे कुठे एका ठिकाणी बुडत नाहीत. कोणाची कामाची पाळी बदलते, कोणाची गाडी बिघडते, कोणाला मूल होते.

अनेक सामुदायिक महाविद्यालयांत, म्हणजे कमी फीच्या, मुख्यतः दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत, तर निबंधही वाचला जात नसे. संगणकावरच्या ‘कंपास’ किंवा ‘अ‍ॅक्युप्लेसर’ अशा परीक्षांत वाक्यांतल्या चुका दुरुस्त केल्या की गुण हातात पडत. ही न दिसणारी चूक मोजण्याचे काम कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील जुडिथ स्कॉट-क्लेटन यांनी केले. वरच्या वर्गात ‘बी’ किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळवण्याची शक्यता असलेला विद्यार्थी खाली बसवणे, किंवा नापास होण्याची शक्यता असलेला वर बसवणे, ही त्यांनी गंभीर चूक मानली. २०१२ साली त्यांनी मांडले की, इंग्रजीत अशा परीक्षांमुळे सुमारे तिघांतल्या एकाच्या बाबतीत गंभीर चूक होते आणि त्यांतल्या बहुतेक चुका खाली बसवण्याच्या असतात. शाळेतल्या चार वर्षांचे गुण विचारात घेतले की चुका कमी होतात, हेही त्यांना आढळले. ‘कंपास’ २०१६ अखेर बाजारातून गेली.

मिशिगनमधील ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीने त्याआधीच, १९९६ साली, वेगळा मार्ग धरला होता. नव्या विद्यार्थ्यांना दोन वर्गांची माहिती द्यायची, ‘मी वर्तमानपत्रे, मासिके नियमित वाचतो’, ‘शाळेत मी फारसे लिहिलेले नाही’ अशी विधाने समोर ठेवायची आणि आपला वर्ग ज्याने त्याने निवडायचा. पद्धत स्वस्त आहे, विद्यार्थ्याला मोठे माणूस मानणारी आहे, आणि म्हणून मला आवडते. तरीही तिच्यातली मेख आपल्याला लगेच कळावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तुझे इंग्रजी कसे आहे असे विचारा. चार पाने सरळ लिहू शकणारा मुलगाही ‘जेमतेम’ म्हणतो, आणि इंग्रजी शाळेतला, ज्याने वहीत एक परिच्छेदही स्वतःचा लिहिलेला नाही, तो खांदे उडवून ‘छान’ म्हणतो. स्वतःविषयीचा हा अंदाज घराने, जातीने, सामाजिक वर्गाने आधीच ठरवून दिलेला असतो, आणि अमेरिकेतही तो तसाच ठरतो.

मेरीलँडमध्ये बाल्टिमोर काउंटीच्या सामुदायिक महाविद्यालयात पीटर अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाराचाच प्रश्न मोडीत काढला. वीस जणांच्या नेहमीच्या वर्गात आठ जागा एरवी खाली गेलेल्या विद्यार्थ्यांना दिल्या आणि त्या आठांसाठी, त्याच शिक्षकाचा, जोडीला एक छोटा तास ठेवला. सकाळी मुख्य वर्गात दिलेला निबंध पुढच्या तासाला आठजण शिक्षकासमोर उलगडून बसतात. पायरी उरलीच नाही, म्हणून पायरीवरची गळतीही उरली नाही. अर्थात आठ जणांसाठी एका शिक्षकाचा पगार द्यावा लागतो, आणि ही पद्धत उचलणाऱ्या अनेक ठिकाणी हिशेब तपासणाऱ्यांनी पहिली कात्री तिथेच लावली.

कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदाच केला. सामुदायिक महाविद्यालयांनी शाळेतले गुण पाहायचे, आणि विद्यार्थी वरच्या वर्गात यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी असेल, तरच त्याला खाली बसायला लावायचे. २०१९ च्या शरद सत्रापासून हे सर्वत्र लागू झाले. पहिल्याच वर्षी मुख्य लेखनवर्ग पार करणारे विद्यार्थी खूप वाढले. त्याच वेळी त्या वर्गातले उत्तीर्णतेचे प्रमाण घसरले, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावरून वाद झाले. मला या घसरणीची भीती वाटत नाही. पूर्वी पायऱ्यांवर गळणारे आता शेवटच्या वर्गात, हजेरीपटावर नाव असताना गळतात, एवढाच त्यातला बराचसा अर्थ आहे. दुसरा खर्डा न आणता सहाव्या आठवड्यापासून बाकावर न दिसणाऱ्या मुलाला फोन कोणी करायचा, शिक्षकाने, समुपदेशकाने की कार्यालयाने, याचे उत्तर मात्र कायद्यात लिहिलेले नाही.