नीलिमा: सिंहगडाच्या घळीतला माशीमार

(दृश्य: मार्चमधला सिंहगडाचा उतार. वाळलेलं गवत, तापलेला कातळ.)

या उतारावर निळा पक्षी राहतो, हे सांगून कुणाला पटायचं नाही. पण पायथ्याच्या ओढ्यात उतरा. उंबराची गर्द सावली, करवंदीच्या जाळ्या, खडकात साचलेलं थोडं पाणी. उन्हाळ्यातही ही घळ गार असते.

(ध्वनी: बारीक, किणकिणती शीळ.)

टिकेलचा निळा माशीमार. पक्षीनिरीक्षकांची नीलिमा. आकाराने चिमणीएवढाच, पण बसतो ताठ. नराची पाठ निळी, कपाळावर तोच निळा जास्त उजळ, गळा-छाती नारिंगी, पोट पांढरं. मादीचे रंग हेच, फक्त फिके.

(दृश्य: जवळून. नर खालच्या फांदीवर.)

आता चोचीच्या मुळाशी बघा, राठ केस दिसतील. शेपटी किंचित हलते, नजर एका जागी रोखलेली. झेप, चोचीचा हलका आवाज, आणि माशी गेली! कधी जमिनीवर उतरून सरपटणारा किडाही उचलतो. अंधार पडू लागला तरी याची शिकार सुरूच.

हिवाळ्यात हिमालयाकडून इथे नीलांग हा दुसरा निळा माशीमार येतो, उन्हाळा लागला की परत जातो. नीलिमा मात्र इथलीच, बारमाही. म्हणून तिला ही सावली वर्षभर लागते, आणि खरी अडचण इथेच आहे. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची लागवड झाली. लांबून टेकडी हिरवी दिसते, पण माशीमाराला हवी असते खालची गचपण. ‘साफसफाई’च्या नावाखाली आपण नेमकी तीच तोडतो.

आणखी एक, आपल्या कॅमेरावाल्यांसाठी. मोबाइलवर शीळ वाजवली की नर समोर येतो, खरंय. हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून येतो तो. विणीच्या दिवसांत हा खेळ नकोच.

वीण साधारण एप्रिल ते ऑगस्ट. खडकाची कपार, दरडीतलं बीळ किंवा झाडाची ढोली, त्यात पानं, मुळ्या, शेवाळाचं घरटं. अंडी ३ ते ५.

(दृश्य: पावसाळा. करवंदीत एक पिल्लू.)

पिल्लू ओळखताना मात्र भलेभले गोंधळतात, कारण अंगभर तपकिरी ठिपके. अशा वेळी पंख आणि शेपटी बघायची. निळं तेवढंच असतं.