नववीत खिचडी बंद होते

[दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. सकाळ. चुलीचा धूर, दाराशी रिकाम्या घागरी.]

निवेदन :
दिवाळीच्या आगेमागे इकडे कापसाची वेचणी जोरात असते. मजुरी किलोवर. जितका कापूस, तितके पैसे, म्हणून बाया सकाळीच शेत गाठतात. ज्या घरात बाप नाही, तिथं माय गेल्यावर घर दहावीतल्या पोरीच्या अंगावर येतं. पाणी, भाकरी, धाकटीची वेणीफणी. मग शाळा. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवसही नेमके हेच.

बापाचा धाक नाही म्हणून मार्क नाहीत, असं लोक बिनदिक्कत बोलतात. या पोरींचा दिवस पाहिला तर धाकापेक्षा तासांची टंचाई दिसते. रात्री नऊला वही उघडायची आणि साडेनऊला डोळे मिटायचे.

[दृश्य : शाळेची मधली सुट्टी. लहान वर्गांची पंगत.]

निवेदन :
ही पंगत आठवीपर्यंतच्या मुलांची. 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, आणि शाळेतली खिचडी, फुकटची पुस्तकंही आठवीपर्यंतच. नववीला डबा घरून, पुस्तकं विकत. दोन कमावत्यांच्या घरात हा बदल कुणाच्या लक्षातही येत नाही. एकट्या मायच्या घरात त्यासाठी पोरगी रविवारी वेचणीला जाते. आधी रविवारी, मग एखाद्या सोमवारीही. हजेरीपटावर ती गैरहजर. चाचणीत त्या सोमवारी शिकवलेलंच प्रमेय येतं.

[दृश्य : कागदांची प्लास्टिकची पिशवी. आत बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला.]

निवेदन :
मदत नाही असं नाही. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. 2023 मध्ये तिची रक्कम महिन्याला 1100 वरून 2250 रुपये झाली. अठरा वर्षांपर्यंत मिळते. पण अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि एका हेलपाट्याला एक मजुरी बुडते.

त्यातही नवरा वारलेल्या बाईकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं काय दाखवायचं? पोरीच्या जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे पुरावे लागतात, आणि ते सासरच्या पेटीत. अकरावीच्या प्रवेशाला हीच पिशवी पुन्हा उघडावी लागते.

[दृश्य : पालकसभा. बाकांवर मोजकीच माणसं.]

निवेदन :
सभा दुपारी दोनला. त्या वेळी माय शेतात, कमरेच्या ओटीत कापूस. वहीत तिच्या नावापुढे शेरा पडतो : 'पालक अनुपस्थित.' काही गुरुजी संध्याकाळी स्वतः घरी चक्कर मारतात. तेव्हा चूल पेटलेली असते, पोरगी पीठ मळत असते, आणि माय विचारते, "गुरुजी, पास तं होईन ना हे?"

[दृश्य : पोरगी हात धुऊन गुरुजींपुढे गणिताची वही धरते.]