नेट आधी की बस आधी? सरकारी पैसा कुठे लागावा

नमस्कार मंडळी! आज थेट मुद्द्यालाच हात घालतो.

सरकारच्या तिजोरीत पैसा मोजका आहे. तो इंटरनेट पोचवायला वापरायचा की बस-रेल्वे चालवायला? यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे इंटरनेट. नेट आलं की बँक घरात, शाळा घरात, डॉक्टरही घरात. मग बाहेर पडायचंच कशाला?

डॉक्टरांचंच घेऊ. व्हिडिओ कॉल लागतो, डॉक्टर नीट ऐकून घेतात आणि म्हणतात, "रक्त तपासा, छातीचा एक्स-रे काढून घ्या." कॉल संपला. आता? सुई टोचायला दंड तिथे न्यावा लागतो! लॅब लांब, बस सकाळी एकच, आणि ती गेलेली.

म्हणजे नेट ही चैन आहे का? अजिबात नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा जगभरातल्या दीड अब्जाहून जास्त विद्यार्थ्यांना फटका बसला, आणि ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांचा अभ्यास जवळजवळ थांबलाच. फिनलंडने तर २०१० मध्येच १ एमबीपीएस वेगाचं नेट कनेक्शन हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क ठरवला होता.

पण आकडे जरा जवळून बघा.

[स्क्रीनवर: २०२४, सुमारे २.६ अब्ज लोक ऑफलाइन]

यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर नेटवर्क आधीच आहे! मोबाइल इंटरनेटची रेंजच पोचलेली नाही असे लोक जगात शंभरात चार-पाचच. बाकीच्यांचं अडतं ते हँडसेटच्या किमतीवर, डेटाच्या खर्चावर, किंवा वापरता येत नाही म्हणून. तिथे आणखी केबल पुरून काय साधणार? स्वस्त फोन आणि शिकवणारा माणूस द्या, काम होईल. जिथे गिऱ्हाईक आहे तिथे कंपन्या टॉवर लावतातच. सरकारने जायचं ते कंपन्या जात नाहीत तिथे.

बसचं गणित उलटं आहे. तिकिटांतून खर्च भरून निघतो अशी सार्वजनिक वाहतूक जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर प्रवास फुकट केला. देश श्रीमंत आहे, हे खरंच; पण तिकिटांचं उत्पन्न तिथे तसंही खर्चाच्या दहाव्या हिश्शाहून कमी होतं.

शिवाय बस विकत घेतली की काम संपत नाही. इंधन, टायर, ड्रायव्हरचा पगार, हे रोजचंच. नव्या बसला फीत कापायला मंत्री येतात. टायर बदलताना कोण येतो? पैसा आटला की आधी फेऱ्या कमी होतात. दर दहा मिनिटांची बस तासाला एक झाली की सरासरी थांबणं पाच मिनिटांवरून तीसवर जातं. ज्याला परवडतं तो दुचाकी घेतो. प्रवासी घटतात, आणि त्याच घटलेल्या आकड्यावर बोट ठेवून आणखी फेऱ्या रद्द होतात! उरतात ते म्हातारे, शाळकरी मुलं आणि पहाटेच्या पाळीचे सफाई कामगार. त्यांनी घरून काम कसं करायचं?

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी बस चालवायचा पैसा बाजूला काढा, मग नेट. अपवाद दुर्गम बेटं आणि डोंगरवस्त्यांचा. तिथे रोजची बस जाणंच शक्य नसेल तर नेट आधी, यात वाद नाही.

आणि एक गोष्ट मला खरंच खटकते. एक खातं म्हणतं, अर्ज ऑनलाइन झाले, खिडकी बंद करा. दुसरं म्हणतं, प्रवासी नाहीत, बस बंद करा. दोघांच्या फायली एका टेबलावर कधी येतच नाहीत, आणि स्मार्टफोन नसलेल्या माणसाची खिडकीही जाते, बसही जाते. खिडकी बंद करायच्या आदेशावर वाहतूक खात्याची सही सक्तीची करावी, असं मी म्हणेन. पटत नसेल तर खाली लिहा, पण कारणासकट.