जावळी ते बांद्राभान
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: इंदूर, रामबागेतली गल्ली. पहाट. नळाखाली हंडा, टिल्लू पंपाची घरघर.]

"नर्मदा आली का गं?"

वरच्या मजल्यावरून आजी विचारतात. खालून सूनबाई हंडा सरकवत सांगतात, "आलीय, पण धार बारीक आहे." इंदुरात हा संवाद एक दिवसाआड होतो. कुणीतरी नळाला टिल्लू पंप लावतो, शेजारचा त्याच्यावर करवादतो, आणि या भांडणातच टाकी भरून घ्यायची असते. बोरिंगचं पाणी धुण्याभांड्याला. त्यात डाळ धड शिजत नाही. वरणाला, चहाला आणि देवाच्या तांब्याला मात्र नर्मदाच लागते.

[दृश्य: जलूद. पंपघर. घाट चढत जाणारी जाडजूड जलवाहिनी.]

ही नर्मदा नळापर्यंत येते ती सुमारे ७० किलोमीटरांवरून. मंडलेश्वरजवळच्या जलूदला पाणी उचलतात आणि विंध्याचा घाट चढवून माळव्याच्या पठारावर आणतात. पाणी काही आपण होऊन डोंगर चढत नाही. रात्रंदिवस वीज जाळून त्याला वर ढकलावं लागतं. होळकरांच्या काळातले बिलावली, सिरपूरचे तलाव आणि यशवंत सागर शहराला पुरेनासे झाले, तेव्हा १९७० साली इंदूर रस्त्यावर उतरलं. 'नर्मदा आणा' एवढीच मागणी होती. 'अभ्यास मंडळ' या इंदूरच्या संस्थेचे मुकुंद कुलकर्णी त्या आंदोलनात पुढे होते. १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी शहरात आलं. मग दुसरा टप्पा झाला, तिसरा झाला.

शहराला नदी हवी होती ती नळात. नदीत पाणी येतं कुठून, या प्रश्नामागे पुढे आयुष्य घालवणारा एक मुलगा त्याच दशकात इंदुरात कॉमर्स शिकत होता.

[दृश्य: इंदूरचं गुजराती कॉलेज. जिना, व्हरांडा, मुलांची वर्दळ.]

अनिल माधव दवे. जन्म ६ जुलै १९५६, उज्जैन जिल्ह्यातल्या बडनगरचा. कवी प्रदीपांचं गाव तेच. घर गुजराती. एम.कॉम. केलं या कॉलेजातून, विशेष विषय ग्रामीण विकास आणि व्यवस्थापन. कॉलेजात पुढारीपण केलं, जयप्रकाशजींच्या आंदोलनात उतरले. एनसीसीच्या हवाई शाखेत होते. हे हवाई शाखेचं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. मग संघाचे प्रचारक झाले. लग्न केलं नाही.

[दृश्य: महाबळेश्वरच्या कड्यावरून दिसणारं जावळीचं खोरं. ढग खाली उतरताना.]

मध्य प्रदेशातल्या माणसाच्या गोष्टीत हे खोरं कुठून आलं, असं वाटेल. तर साल २००३. विधानसभेची निवडणूक. दिग्विजय सिंह दहा वर्षं मुख्यमंत्री होते आणि त्यांना हलवायचं होतं. भोपाळात भाजपच्या प्रचाराची सूत्रं जिथून हलत होती, त्या कार्यालयाचं नाव होतं 'जावळी'. रणनीती दवेंची.

जावळीत अफझलखानाला कुणी कसं उतरवून घेतलं, ते मराठी माणसाला सांगायला नको. 'मिस्टर बंटाधार' ही दिग्विजय सिंहांना चिकटलेली शेलकी पदवी दवेंच्याच प्रचारातली. निकाल लागला तेव्हा २३० पैकी १७३ जागा भाजपकडे होत्या आणि काँग्रेस ३८ वर आली होती. उमा भारती मुख्यमंत्री झाल्या, दवे त्यांचे सल्लागार.

शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारावर दवेंनी पुढे पुस्तक लिहिलं. महाराजांचं नाव घेऊन निवडणूक लढवणारे पुष्कळ आहेत, त्यांचा कारभार वाचणारे कमी. आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल जे बजावलंय ते आपल्याला ठाऊक आहे: रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडं तोडू नका. ते वाचलेल्या माणसाला निवडणुकीच्या खोलीतून उठून कुणी थेट जंगलाकडे गेला, याचं फार नवल वाटू नये.

[दृश्य: अमरकंटक. नर्मदाकुंडाची पांढरी मंदिरं. नंतर साल वृक्षांचं जंगल, लांब संथ शॉट.]

नर्मदेचा उगम इथला. मैकल डोंगरातलं हे एक कुंड. सकाळी इथे परिक्रमावासी कढाईचा प्रसाद करतात, 'नर्मदे हर' म्हणत पुढे निघतात. त्यांत पुण्या-नाशकाकडचे, साताऱ्या-सांगलीकडचे मराठी आवाज हटकून ऐकू येतात.

पण कुंडातल्या एवढ्याशा पाण्याने १,३१२ किलोमीटरची नदी होत नाही. गंगेला वर बर्फ आहे, उन्हाळ्यात ते वितळतं. नर्मदेला बर्फ नाही. तिच्या डोक्यावर जंगल आहे, आणि जे काही आहे ते तेवढंच.

[दृश्य: जंगलाच्या जमिनीवर कॅमेरा. पाचोळा बाजूला करणारा हात.]

हे बघा. वर वाळलेली पानं. त्याखाली अर्धवट कुजलेली, काळपट, एकमेकांना चिकटलेली पानं. त्याखाली ओलसर माती आणि तिच्यात केसांसारखी मुळं. महिना एप्रिलचा आहे, पाऊस जाऊन सहा महिने झालेत, आणि बोटं ओली होतायत. जुलैत इथे धो धो कोसळलेलं पाणी पानांवर, पाचोळ्यावर अडखळत खाली येतं, मुळांच्या वाटेने मुरतं, खडकाच्या फटींतून सावकाश सरकतं आणि काही महिन्यांनी उतारावर कुठेतरी पाझरून बाहेर पडतं.

[दृश्य: ओढ्याचं पात्र. वाळूत हाताने उकरलेला झिरा. पाणी भरत येताना.]

ओढा वरून कोरडा दिसतो. गावातल्या बाईने वाळूत हातभर उकरलं आणि पाणी वर यायला लागलं. आधी गढूळ, मग नितळ. तिने पहिली ओंजळ फेकून दिली, दुसरी प्यायली. असे शेकडो झिरे मिळून एखादी उपनदी उन्हाळ्यात टिकते आणि अशा उपनद्या मिळून नर्मदा. वरचं झाड गेलं की पाऊस तेवढाच पडतो, पण सगळा चार दिवसांत मातीसकट वाहून समुद्राला मिळतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात खोड पोखरणाऱ्या सालबोरर किड्याची साथ आली आणि या पट्ट्यातली सालाची अगणित झाडं तोडली गेली. त्याचा हिशेब कुठल्या धरणाच्या पाणीपातळीत मांडलेला आम्हाला तरी दिसला नाही.

दवेंचा सगळा खटाटोप या एका गोष्टीभोवती फिरतो. नर्मदा वाचवायची तर नर्मदेत नाही, तिच्या डोंगरात काम करावं लागेल. 'नर्मदा समग्र' ही त्यांची संस्था. नावातलं 'समग्र' म्हणजे नुसतं पात्र आणि घाट नव्हे, उपनद्या, जंगल, माती, काठची माणसं, सगळं.

[दृश्य: भेडाघाट. धुवांधारचा तुषार. नंतर संगमरवरी कड्यांमधून नावेतून घेतलेला शॉट.]

आता एनसीसीची हवाई शाखा. दवे हौशी वैमानिक होते. छोटं सेस्ना विमान घेऊन त्यांनी नर्मदेच्या काठाकाठाने १८ तास उड्डाण केलं. वरून जंगल कुठे संपतं आणि शेत कुठे नदीच्या अंगावर येतं, ते नकाशापेक्षा स्पष्ट दिसतं.

मग राफ्टमधून पाण्यावर उतरले. १९ दिवसांत सगळी १,३१२ किलोमीटर. शास्त्राप्रमाणे ही परिक्रमा नव्हेच. परिक्रमावासी नदीला उजव्या हाताला ठेवून पायी चालतो, पात्र ओलांडत नाही. नावेत बसायचं ते विमलेश्वरहून मिठीतलाईला, तेही नदी समुद्राला मिळते तिथे. जुन्या माणसांना राफ्टचं हे प्रकरण कदाचित रुचणार नाही. पण पायी चालणाऱ्याला नदीचा काठ कळतो आणि राफ्टवाल्याला तिचा वेग. वेग कुठे मरतो हेही कळतं.

[दृश्य: बरगी धरणाचा जलाशय. स्थिर पाणी. पाण्याबाहेर उभे वाळलेले बुंधे.]

बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. धरण आलं की प्रवाह थांबतो, मैलोन्‌मैल वल्हवावं लागतं. भिंतीपाशी राफ्ट उचलून पलीकडे न्यावा लागतो. नदीला मात्र उचलून पलीकडे नेणारं कुणी नसतं. दवे धरणविरोधी नव्हते. त्यांचा पक्षही नाही, आणि खोऱ्यातली विस्थापितांची लढाई वेगळ्याच माणसांनी लढली. हा माहितीपट त्या लढाईचा नाही.

सरदार सरोवराच्या फुगवट्यात, आलीराजपूरकडच्या डोंगरात, जिथे रस्ता नाही तिथे डॉक्टर पाण्यावरून पोचावा म्हणून 'नर्मदा समग्र'ने नदीवरची ॲम्ब्युलन्स सुरू केली.

[दृश्य: बांद्राभान. नर्मदा आणि तवा यांचा संगम. ड्रोन वर जाताना.]

होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. तिथून जवळच बांद्राभान. डावीकडून येते ती तवा, नर्मदेची सगळ्यात लांब उपनदी, सातपुड्याचं पाणी आणि सातपुड्याची वाळू घेऊन. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते. एरवी वाळूच्या ट्रॉल्यांचा राबता असतो, तोही दिसतोच आहे चित्रात.

या वाळवंटात २००८ पासून दवेंनी नदी महोत्सव भरवला. मांडव, राहुट्या, मातीच्या वाटा. नदीवर काम करणारे कार्यकर्ते, शास्त्रज्ञ, साधू, सरकारी अधिकारी आणि कोळी एकाच मांडवात बसवायचे. प्रचाराची यंत्रणा बांधणारा माणूस तेच कसब नदीसाठी वापरत होता, हे या मेळाव्यांकडे बघताना जाणवतं. मे २०१६ मध्ये सिंहस्थाच्या वेळी उज्जैनजवळ निनोऱ्याला वैचारिक महाकुंभ भरला, त्याची घडी दवेंनीच बसवली. त्यातून ५१ कलमांचा जाहीरनामा निघाला. त्या सिंहस्थात क्षिप्रेत भाविकांनी डुबकी मारली ते पाणी पंपाने आणलेल्या नर्मदेचं होतं, आणि इंदूरची घाण वाहून नेणारी कान्ह नदी तेवढ्यापुरती पाइपातून वळवलेली होती.

[दृश्य: इंदूर. कृष्णपुरा छत्र्यांखालून वाहणारी कान्ह.]

ही ती कान्ह. होळकरांच्या छत्र्यांची सावली अजून तिच्यात पडते. पुढे ती क्षिप्रेला मिळते.

[दृश्य: दिल्ली. छायाचित्रांची मालिका.]

२००९ मध्ये दवे राज्यसभेवर गेले. ५ जुलै २०१६ ला, साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, पर्यावरण, वन आणि हवामान बदल खात्याचे राज्यमंत्री झाले, स्वतंत्र प्रभार. पुढचं सगळं दहा महिन्यांतलं. २ ऑक्टोबरला भारताने पॅरिस कराराला मंजुरी दिली. त्याच महिन्यात रवांडातल्या किगालीत एचएफसी, म्हणजे फ्रिज-एसीतले तापमान वाढवणारे वायू, कमी करण्याचा करार झाला. भारताचं शिष्टमंडळ दवेंचं. केन-बेतवा नदीजोडला, ज्यात पन्ना व्याघ्र प्रकल्पाचं जंगल बुडायचं आहे, वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने हिरवा कंदील दाखवला, तोही ऑगस्ट २०१६ मध्ये, त्यांच्याच अध्यक्षतेखाली. जनुकबदल केलेल्या मोहरीची शिफारस मे २०१७ मध्ये त्यांच्या टेबलावर आली. तिच्यावर निर्णय व्हायचा राहिला.

१७ मेच्या संध्याकाळी उशिरापर्यंत ते पंतप्रधानांबरोबर बैठकीत होते. १८ मेला सकाळी हृदयविकाराने गेले.

[दृश्य: इच्छापत्राची प्रत. हस्ताक्षरावरून सरकणारा कॅमेरा.]

हे इच्छापत्र २०१२ सालचं. शक्य असेल तर अंत्यसंस्कार बांद्राभानला, नदी महोत्सवाच्या जागी व्हावा. उत्तरक्रिया फक्त वैदिक, दिखावा नको. आपल्या स्मरणार्थ स्मारक, स्पर्धा, पुरस्कार, पुतळा असं काही करू नये. कुणाला काही करावंसंच वाटलं तर झाडं लावावीत आणि वाढवून मोठी करावीत. नद्या-तळी जपण्यासाठी जमेल तेवढं करावं. आणि हे करतानाही आपलं नाव वापरणं टाळावं.

[दृश्य: बांद्राभान, १९ मे २०१७. संग्रहित चित्रण. निवेदन नाही, फक्त आवाज.]

[दृश्य: नर्मदाकाठ. रोपांचे खड्डे, काही हिरवे, काही रिकामे.]

दीड महिन्यानंतर, २ जुलैला, मध्य प्रदेश सरकारने नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींवर रोपं लावल्याचं जाहीर केलं. त्यातली किती लागली आणि किती जगली, यावर पुढे बराच वाद झाला. मार्च २०१८ मध्ये पाचवा नदी महोत्सव बांद्राभानलाच भरला.

इच्छापत्रातलं शेवटचं कलम हा माहितीपट पहिल्या काही मिनिटांतच मोडतो. नाव न घेता ही गोष्ट सांगता आली नसती. निदान 'स्मृतीस अर्पण' अशी पाटी आम्ही टाकलेली नाही. यापुढे थेट श्रेयनामावली.