काळ्या मातीचं माप

(दृश्य : रावेर तालुक्यातली केळीबाग, ठिबकची नळी, जमिनीतल्या भेगांवर कॅमेरा)

तापीकाठची ही खोल काळी माती. पाणी मिळालं की फुगते, ऊन लागलं की फाटते. हिच्यात ओल किती, हे सांगणारी पट्टी हजारो मैलांवरच्या माणसांनी मिळून आखली आहे. त्यांच्यातल्या कुणीच ही माती हातात घेतलेली नाही.

(दृश्य : पट्टी जवळून)

पट्टीतलं तांबं मातीला शिवत नाही, म्हणून गंजत नाही. विद्युतभार साठवण्याची पाण्याची क्षमता हवेच्या सुमारे ८० पट, कोरड्या मातीची जेमतेम ३ ते ५ पट. पट्टी हा फरक पकडते आणि व्होल्टमध्ये सांगते. त्या व्होल्टचं पाणी किती होतं, हे मात्र ज्या त्या मातीलाच विचारावं लागतं.

पट्टीचा आराखडा खुला आहे. सर्किट, बोर्डाची फाइल, सुट्या भागांची यादी, सगळं. कुणीही घ्यावं, बदलावं, बनवून विकावंसुद्धा. बदल करून पुढे कुणाला दिलात तर तोही असाच उघडा ठेवायचा, ही अट. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने २०११ साली अशा हार्डवेअरसाठी परवाना तयार केला. २०२०च्या आवृत्तीत त्याचे तीन प्रकार झाले. या पट्टीचा परवाना त्यातला सगळ्यात कडक, आणि आमच्या मते सगळ्यात न्याय्य.

(दृश्य : तरुण, वजनकाटा, मातीचे डबे)

हा तरुण जळगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पट्टी आखणाऱ्या समूहाला त्याने विचारलं, मी काय करू? उत्तर आलं, तुमच्याकडची माती मोजून द्या. प्रोग्रॅम लिहून देतो म्हणणारे पुष्कळ असतात, माती वाळवत बसणारा मिळत नाही.

माती १०५ अंशांवर २४ तास वाळवायची. (ओव्हन एका कॉलेजातला, तिथे कॅमेरा नेता आला नाही.) मग वजन. मग पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यात दाबून भरायची, पाणी मापून घालायचं, मुरू द्यायचं, पट्टी खोचायची, आकडा लिहायचा. पुन्हा थोडं पाणी, पुन्हा आकडा. काळी माती मध्येच फुगून वर येते, मग तो तुकडा बाद आणि सगळं पहिल्यापासून.

भेगेचा घोळ वेगळाच. पट्टीच्या बाजूला भेग पडली की तिथे हवा शिरते. खाली मुळाशी ओल असली तरी आकडा कोरडा येतो. त्यावर उपाय असा, की त्याच मातीचा चिखल कालवून पट्टीभोवती भरायचा आणि पट्टी तिरपी बसवायची.

(दृश्य : मोटार वाइंडिंगचं दुकान, ब्रश, बल्बची पेटी)

आता हे हात बघा. पट्टी म्हणजे सर्किटचा बोर्डच. तो कापला की त्याची कड उघडी पडते, तिथून पाणी आत मुरतं. वाइंडिंगवाल्या भाऊंनी पट्टी उलटसुलट पाहिली, मोटारीच्या गुंडाळीला लावतात ते वॉर्निश काढलं आणि कडेवरून ब्रश फिरवला. मग बल्बच्या पेटीत सुकायला. इंजिनिअरांच्या चर्चेत हे वॉर्निश कुणाला सुचलं नव्हतं. आज आराखड्यासोबतच्या सूचनांमध्ये ते मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं आहे, फोटोसकट.

एक चिपही बदलली. बाजारातल्या काही स्वस्त पट्ट्यांवर एनई५५५ ही टायमर चिप येते, तिला किमान साडेचार व्होल्ट लागतात. पट्टीला ३.३ व्होल्टच मिळाले तर ती भलतेच आकडे देऊ शकते. तिच्याच जातीची टीएलसी५५५ दोन व्होल्टांवरही चालते. भागांच्या यादीत एका ओळीची दुरुस्ती.

(दृश्य : लॅपटॉप, रात्र)

मातीच्या मोजणीचा तक्ता समूहाला पाठवला आणि तिथल्या तपासणाऱ्यांचे प्रश्न आले. मोजताना तापमान किती होतं? ठिबकातून खत सोडल्यावर आकडा सरकतो का? मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५च्या पुढे जातो, त्यामुळे पहिला प्रश्न रास्तच होता. उन्हात आणि खतानंतर पुन्हा मोजणी झाली. दोन्ही वेळा आकडा सरकला, तेही तक्त्यात गेलं. मग बदल स्वीकारला गेला.

पाणी किती वाचलं? एका बागेच्या एका हंगामावरून सांगणं घाईचं. पाण्याच्या पाळ्या कमी झाल्या, असं बागवाले म्हणतात.

(दृश्य : पिशवीतली मुरमाड माती)

साक्रीकडून मुरमाड मातीचा नमुना आलाय. त्यासाठी वजनकाटा आहे, तक्त्याचा नमुनाही तयार आहे. मोजायला बसेल असा माणूस हवाय.