फ्यूजच्या जागी बल्ब

मंडळी, आधी एक विनंती. गाडीचा फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका, आणि ८ अँपियरच्या जागी २० चा फ्यूजही बसवू नका. बॅटरी १२ व्होल्टचीच, हात लावला तरी झटका बसत नाही, हे खरं. पण शॉर्ट झाला, म्हणजे उघडी वायर बॉडीला टेकली, की तीच बॅटरी शेकडो अँपियर ओतते. मग फ्यूज वाचतो आणि वायर जळते, तीही डॅशबोर्डच्या मागे.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. धाकट्यात धाकटी पद्मिनीसुद्धा आता वीस-पंचवीस वर्षांची झाली. वायरीवरचं प्लास्टिक उष्णतेनं कडक होऊन तडकतं. एका पावसाळ्यात माझ्या गाडीचा ब्रेक लाइटचा फ्यूज सारखा उडायला लागला. ब्रेक दाबला की गेलाच. यातूनच अर्धं उत्तर मिळालं: दोष ब्रेक स्विचच्या पुढे, मागच्या दिव्यांच्या बाजूला. स्विचच्या अलीकडे असता तर पेडलला पाय लावायच्या आधीच फ्यूज उडाला असता.

इथे पुष्कळ जण रोध मोजायचा मीटर, म्हणजे मल्टिमीटर, लावतात, बीप वाजते आणि शॉर्ट सापडला असं वाटतं. सांभाळा. २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध सुमारे ७ ओहम असतो, थंड असताना मात्र १ ओहमच्याही खाली. चांगला बल्ब आणि शॉर्ट, मीटरला दोन्ही सारखेच. म्हणून आधी मागचे दोन्ही ब्रेकचे बल्ब होल्डरमधून काढले.

मग फ्यूज काढून त्याच्या दोन क्लिपांना २१ वॅटचा बल्ब वायरीने जोडला. मुलाला सांगितलं, ब्रेक दाबून धर. मागे बल्बच नाहीत, तेव्हा हा पेटायला नको होता. पण लख्ख पेटला. करंट वाटेतच बॉडीला मिळत होता. या बल्बमधून दोन अँपियरही जात नाहीत, त्यामुळे वायर तापत नाही आणि घाई न करता शोधता येतं. फ्यूजवर फ्यूज जाळण्यापेक्षा हे किती बरं!

डिकीत वायरीवरून बोटं फिरवत गेलो. जॅक उचलला आणि मुलगा पुढून ओरडला, "बाबा, विझला!" जॅकच्या कडेखाली नखाएवढं इन्सुलेशन कापलेलं होतं. आत तांबं चकाकत होतं, कडेला हिरवट गंज.

दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. निगेटिव्हच आधी, कारण बॉडी निगेटिव्हलाच जोडलेली असते; ती सोडवताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात, तर तोच पाना ठिणग्या पाडतो. मग सोल्डरिंगचा डाग दिला, वर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवली, वायर क्लिपने कडेला बांधली आणि ८ अँपियरचाच फ्यूज परत बसवला.

तुमच्या गाडीत कारण जॅक नसेल, पण दाराच्या बिजागरीपाशी वायर वळते तिथे, इंजिनाकडून आत येते तिथल्या भोकातला रबरी ग्रोमेट, आणि नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचे जोड आधी बघा. बल्ब मी आणलाय. चला, बाहेर ज्यांच्या गाड्या उभ्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.